खंडेनवमीचा विसावा

पालघरजवळच्या माहीममध्ये आत्मारामभाऊंचा राग ठाऊक नाही असा माणूस नव्हता. हे पालघरचं माहीम, मुंबईतलं नव्हे. आधीच सांगितलेलं बरं, कारण मुंबईकरांना त्यांच्या माहीमपलीकडे जग असतं हे पटतच नाही. आमच्या या माहीमला समुद्र आहे, नारळी-पोफळी आहेत, आणि त्या काळी पानमळे होते. त्यांपैकी एक आत्मारामभाऊंचा.

भाऊ दिसायला किरकोळ, पण आवाज असा की विहिरीवरच्या रहाटाची करकर त्यात बुडून जावी. नाकाच्या शेंड्यावर राग. टांगेवाल्यानं घोड्याला चाबूक मारला की भाऊ टांग्यातून उडी मारून त्याची गचांडी धरत. लग्नाच्या पंगतीत कुणी पानात टाकून उठलं की त्याच्या सात पिढ्या निघत. एकदा एक व्यापारी पायातल्या बुटांसकट पानमळ्यात शिरला. पानमळ्यात अनवाणी जायचं, हा नियम या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. भाऊंनी त्याला बाहेर काढून बूट उतरवायला लावले आणि दोन्ही बूट विहिरीत फेकून दिले. व्यापारी पालघर स्टेशनापर्यंत तापलेल्या रस्त्यावरून अनवाणी गेला. त्या दिवशी सगळं गाव पोट धरधरून हसलं.

आणि हसून झाल्यावर गाव नेहमीचं वाक्य म्हणालं, ‘भाऊ तापट, पण मनाचा निर्मळ.’

या वाक्यासारखं चीड आणणारं वाक्य दुसरं नाही. त्यातला तो ‘पण’ काढून चुलीत घालावा. तापट माणसाच्या घरात राहणाऱ्यांना, त्याच्या हाताखाली राबणाऱ्यांना, त्याच्या वाटेत येणाऱ्यांना विचारा, त्या निर्मळ मनाचं काय लोणचं घालायचं? गावानं हे वाक्य म्हणत म्हणत भाऊंचा राग लाडाकोडात वाढवला. पुढं जे झालं त्यात गावाचाही वाटा आहे, मग गावाला आवडो न आवडो.

भाऊंचा जीव होता तो वेलीत. त्यांच्या वडिलांनी तरुणपणी वसईकडून पानवेलीचं बेणं आणलं होतं. केळीच्या ओल्या सोपटात गुंडाळून, डोक्यावर घेऊन, पायी. त्या वेलीचं पान पातळ, तिखट, आणि करंडीत घालून दिल्लीला पाठवलं तरी न काळवंडणारं. सगळ्या पंचक्रोशीत तसं पान नव्हतं. भाऊंनी ते बेणं कधी कुणाला दिलं नाही. मागायला येणाऱ्याला ते सरळ म्हणत, “माझा येल माझ्या मल्यात. तुमाला पान पायजे तर घ्या, येल नाय.”

पासष्ट साल यायच्या आधी दोन-तीन पावसाळे असे गेले की माहीम-केळव्याच्या मळ्यांत मर शिरली. आज हिरवागार वेल, चार दिवसांत पानं पिवळी, बुंधा काळा, आणि सगळा वेल काठीवरून ओल्या दोरीसारखा खाली. मुळं उपटून पाहावीत तर कुजका वास. एकामागून एक मळे बसले. बसलेल्या मळ्यात लोकांनी केळी लावल्या, भाजी लावली. जी जवान पोरं होती ती तारापूरकडे सरकारचं मोठं काम निघालं होतं तिकडे रोजावर गेली.

भाऊंच्या मळ्यात मर आली तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोगावर रागावता येत नाही, म्हणून ते माणसांवर रागावले. शेजाऱ्यानं घाण पाणी सोडलं म्हणून शेजाऱ्याशी बोलणं तोडलं. गड्याचे पाय मळके होते म्हणून गड्याला काढलं. आणि एका दुपारी, ओटीवर चार माणसं बसलेली असताना, बायकोकडे बोट दाखवून म्हणाले, “हिचा इटाळ लागला असेल. चार दिवसांतली मल्याच्या कुडाआड आली असेल कधीतरी.”

प्रेमला हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं तो पाहुण्यांच्या पुढं ठेवला आणि आत निघून गेली. आलेली माणसं तांब्याकडे बघत बसली. एकानंही भाऊंना टोकलं नाही.

पालघरला स्टेशनाच्या पलीकडे एका जुन्या बंगल्यात बागायतदारांच्या संघानं पानवेलीच्या रोगांसाठी छोटी प्रयोगशाळा काढली होती. तिथले संशोधक रामनाथसाहेब, तिशीतले, चष्मेवाले, मृदू बोलणारे. त्यांच्या हाताखाली एकच शिपाई, वामन. दातिवऱ्याचा कोळ्याचा पोरगा, नुकतंच लग्न ठरलेला. बाप होडीसकट गेल्यावर आईनं त्याला समुद्रापासून लांब ठेवायचं म्हणून ही नोकरी धरायला लावली होती.

रामनाथसाहेब माहीमला येऊन गेले. त्यांचं म्हणणं सोपं होतं. रोग मातीत आहे, मुळात आहे, वेलीच्या शेंड्यात अजून नाही. निरोगी शेंडे छाटून, वाफवलेल्या मातीत, बंद पेटीत रुजवले तर बेणं वाचेल. मग मळ्याची माती सुधारली की तेच बेणं परत लावता येईल. भाऊंनी त्यांना हाकलून दिलं. “माझा येल पेटीत? म्हयत हाय काय तो?” असं काहीबाही बोलले. साहेब गेले आणि मरीनं आणखी दोन रांगा खाल्ल्या.

शेवटी विहिरीच्या अंगाचे थोडेच वेल धड उरले, तेव्हा भाऊंनी स्वतः शेंडे छाटले. वडिलांनी आणलं होतं तसंच, ओल्या सोपटात गुंडाळून, पालघरला नेले. प्रयोगशाळेच्या दारात चपला काढल्या. रामनाथसाहेबांना, वामनला, तिथं सहज आलेल्या पोस्टमनलाही चपला काढायला लावल्या. साहेबांनी हसून काढल्या. त्यांना त्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणी दिसलं होतं, असं वामन नंतर सांगे.

ती पेटी म्हणजे लाकडी चौकटीचं, चारी बाजूंनी काचेचं कपाट. एका अंगाला ओला वाळ्याचा पडदा आणि विजेचा पंखा. पंखा दिवसरात्र घरघरे, वाळ्यातून गार ओली हवा आत ओढी. पेटीची जागा पश्चिमेच्या खिडकीशी होती, कारण कोवळ्या वेलीला उजेड लागतो. दुपारनंतर ऊन थेट काचेवर येई. पंखा चालू होता म्हणून आत सावलीसारखं गार राही. झाकण मात्र उघडायचं नाही, नाहीतर बाहेरची हवा रोग घेऊन आत जाईल. साहेबांनी हे वामनला पढवून ठेवलं होतं. झाकण उघडू नकोस, पंखा बंद करू नकोस, वाळा सुकू देऊ नकोस.

शेंड्यांनी मूळ धरलं. श्रावणात पहिलं पान फुटलं. इकडे माहीमला भाऊंचे विहिरीकडचे उरलेले वेलही बसले. आता वडिलांच्या वेलीचं जे काही जगात होतं ते त्या काचेच्या पेटीत होतं. भाऊ दर दोन-चार दिवसांनी पालघरला जात, पेटीसमोर उकिडवे बसत आणि कुरकुरत. पान एवढंसं का? देठ लाल का? हा पंखा एवढा का बोंबलतो? त्यांचा आनंद असाच बाहेर पडे. रामनाथसाहेबांनी संघाला कळवलं होतं की फाल्गुनापर्यंत बेणं वाढेल आणि आत्मारामभाऊंच्या परवानगीनं सगळ्या गावाला वाटता येईल. भाऊंनी, कधी नव्हे ते, मान हलवून होकार दिला होता. मेलेल्या मळ्यांचं गाव बघून त्यांच्यासारख्याचंही मन विरघळलं असावं.

मग आश्विन आला. आमच्याकडे आश्विनातलं ऊन वैशाखाला लाजवतं. खंडेनवमीच्या सकाळी भाऊंनी कुदळी, कोयते, खुरपी, पानं खुडायची नखली, सगळं धुऊन पुसून अंगणात पाटावर मांडलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, नारळ फोडला. खंडेनवमीला हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबतं ते, एक दिवस त्याला विसावा. दसऱ्याला सोनं लुटून झाल्यावर मग पुन्हा हातात घ्यायचं. ही रीत भाऊंच्या घरात बापजाद्यांपासून चालत आलेली, आणि तीत कसूर झालेली भाऊंना खपत नसे.

पूजा आटोपून, पिशवीत नारळ आणि झेंडूचा हार घेऊन ते पालघरला गेले. रामनाथसाहेब सणासाठी आदल्या दिवशीच गाडीनं घरी गेले होते. प्रयोगशाळेत वामन एकटा. त्यानंही सकाळी सूक्ष्मदर्शकाला, वजनकाट्याला, वाफेच्या डब्याला कुंकू लावून फुलं वाहिली होती. भाऊंना ते आवडलं. ते पेटीशी गेले आणि थबकले. पंखा घरघरत होता.

“हा का चालू?”

“सायबांनी सांगितला हाय,” वामन म्हणाला. “बंद नाय करायचा.”

“आज कोणता दिस हाय?”

“खंडेनवमी.”

“मग? माझी कुदल आज पाटावर बसली हाय. तुज्या सायबाची दुर्बीण फुला लावून बसली हाय. आन ही पेटी तेवडी राबतेय? माजा येल जिच्या पोटात हाय ती?”

“पन भाऊ, सायेब बोलून गेलेत…”

तेवढं पुरे झालं. भाऊंचा आवाज बंगल्याबाहेर रस्त्यावर ऐकू गेला. साहेब कोण? शहरातला माणूस, त्याला रीतभात काय कळते? वेल कुणाचा, साहेबाचा का आत्मारामाचा? खंडेनवमीला हत्यार राबवलं तर ते वर्षभर उलटं फिरतं, हे तुझ्या आईनं शिकवलं नाही? तुम्ही कोळी नारळी पुनवेआधी होडी लोटता काय? नाही ना? मग!

वामन दोन्ही हात एकमेकांत गुंतवून उभा होता. बाप नसलेल्या त्या पोराला कुणी आवाज चढवला की म्हणेल ते करून मोकळं व्हावंसं वाटे. त्याला साहेबांचा हुकूम आठवत होता. पेटी बंद पडली तर काय होतं हेही त्याला साहेबांनी सांगितलेलं होतं. पण साहेब लांब होते आणि भाऊ पुढ्यात होते. त्यानं हात लांब केला आणि बटण बंद केलं. घरघर थांबली.

“आता कसा,” भाऊ म्हणाले. त्यांनी काचेला कुंकवाचं बोट लावलं, पेटीला हार घातला, उंबऱ्यावर नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा वामनच्या हातावर ठेवला. “उद्या सोना लुटून झाला का चालू कर. त्याआधी हात लावलास तर तंगडी मोडीन.”

घरी येऊन ते प्रेमलाला मोठ्या ऐटीत म्हणाले, “आज त्या साहेबाच्या यंत्रालाही इसावा द्यायला लावला मी.” प्रेमला करंज्या तळत होती. तिनं नुसतं हूं म्हटलं.

त्या दुपारी ऊन खिडकीतून काचेवर आलं आणि तिथंच मुक्कामाला बसलं. दुसऱ्या दिवशीही. वामननं वाळा हातानं ओला केला, काचेवर ओलं फडकं टाकलं. झाकण उघडायचं नाही हा साहेबांचा हुकूम आणि पंखा लावायचा नाही हा भाऊंचा, आणि तो मधल्यामध्ये चेचला गेला. काचेच्या आत वाफ धरलेली त्याला दिसत होती. चार वेळा त्याचा हात बटणापर्यंत गेला आणि परत आला. दसऱ्याच्या संध्याकाळी त्यानं पंखा लावला तेव्हा पानं उकडलेल्या भाजीसारखी काचेला चिकटली होती.

रामनाथसाहेब परत आले त्याच सकाळी भाऊही पालघरला आले. साहेब पेटीसमोर उभे होते, चष्मा हातात, आणि वामन भिंतीशी. भाऊंनी पेटीत पाहिलं. शिजून काळी पडलेली पानं, मऊ झालेले देठ. वडिलांनी डोक्यावरून आणलेला वेल, त्यातलं एक हिरवं बोटही उरलं नव्हतं.

“कुणी केला हा?” भाऊ ओरडले. “कुणी केला?”

साहेबांचा मृदू आवाज त्या दिवशी मृदू नव्हता. “पंखा बंद होता. नक्की बंद होता. वामन, तुला बजावून गेलो होतो मी. कुणी बंद केला?”

वामननं एकदा भाऊंकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाला, “मीच सायेब.”

“का?”

“खंडेनवमी होती.”

“खंडेनवमी! प्रयोगशाळा आहे ही, देऊळ नव्हे! एवढं साधं काम तुला…”

भाऊंचा हात उठला आणि वामनच्या गालावर बसला. खाडकन. वामनची टोपी खाली पडली. “माझ्या बापाचा येल होता तो! मारलास तू त्याला, मूर्खा! निपटून टाकलास!”

वामननं टोपी उचलली, कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली, आणि साहेब ‘जा’ म्हणायच्या आधीच निघून गेला. जाताना पुन्हा एकदा त्यानं भाऊंकडे पाहिलं. त्या नजरेत दोष नव्हता. बोलणी खायची सवय असलेल्या माणसाची ती नजर होती.

तो गेल्यावर ‘खंडेनवमी होती’ हे शब्द भाऊंच्या कानात शिरले. आधी कानावर पडले होते, आता शिरले. पेटीवरचं वाळलेलं कुंकू त्यांच्याच बोटाचं होतं, सुकलेला हार त्यांनीच घातलेला. साहेब डोकं धरून खुर्चीत बसले होते. भाऊंनी तोंड उघडलं. पण ज्या तोंडातून आयुष्यभर कुणालाही न विचारता शब्द सुटले, त्या तोंडातून त्या घटकेला एक शब्द निघेना. ते तसेच वळले आणि बाहेर पडले. एका पोराची नोकरी त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या पापासाठी गेली आणि हा निर्मळ मनाचा माणूस चपला शोधत दारात उभा राहिला. संतापानं अंगाचा तिळपापड व्हावा असंच ते होतं.

घरी ते जेवले नाहीत. प्रेमलानं विचारलं तर तिच्यावर खेकसले. मग म्हणाले, “येल गेला. त्या शिपुरड्यानं पंखा बंद केला.”

प्रेमला पाटावर बसली होती ती उठली. “कंदी?”

“खंडेनवमीला.”

“खंडेनवमीला तुमीच तर गेला होता. तुमीच नाय का आलाव आन बोललाव, यंत्राला इसावा द्यायला लावला म्हणून?”

भाऊ गप्प. त्यांचं गप्प बसणं प्रेमलानं लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं, आणि तिला सगळं कळलं.

“मंग तो पोर काय बोलला?”

“बोलला, मी केला.”

“आन तुमी?”

प्रेमलाचा आवाज मोठा नव्हता, कधीच नव्हता. पण त्या दिवशी तिच्या शब्दाला धार होती. “इतकी वर्षं मी दर म्हयन्याला चार दिस कुडाच्या सावलीलाबी गेले नाय. तुमच्या येलाला बाधा नको म्हणून. पोट दुखून गडबडा लोलले तरी मागच्या पडवीत पडून रायले. आन तुमी चार लोकांत बोललाव माजा इटाळ लागला. तवा मी काय बोलले? कायच नाय. चुकले मी. तवाच बोलायला पायजे होता. माज्या इटाळानं येल नाय मेला. मरीनंबी नाय मेला. तुमच्या तोंडानं मेला.”

भाऊंनी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. ते ओटीवर जाऊन बसले. प्रेमला आत भांडी आपटत राहिली आणि ती भांडी आपटणं सगळ्या आळीनं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ पालघरला गेले. प्रयोगशाळेचं दार ढकलून आत शिरले आणि रामनाथसाहेबांवरच बरसले. माफी मागायची तीही त्यांना रागावूनच मागता येत होती. “तुमी कसले शिकलेले? त्याला एकदा विचारलाव आन ऐकलाव? त्याची काय छाती हाय तुमचा हुकूम मोडायची? मी मोडायला लावला! मी! बटण त्याच्या हातानं बंद झाला, पन हात माजा होता. लिवा तुमच्या संघाला, आत्मारामानं केला म्हणून लिवा!”

साहेबांनी त्यांना बोलू दिलं. मग विचारलं, “हे काल का नाही बोललात?”

भाऊंनी पेटीवरचा सुकलेला हार काढून हातात घेतला.

“वेल आता परत येणार नाही,” साहेब म्हणाले. “दुसऱ्या कुणाच्या मळ्यात काही उरलं असेल तर त्यावर मी पुन्हा सुरुवात करीन. पण तुमचं बेणं संपलं. वामनला आणा. त्याची जागा आहे तशी आहे. माझंही चुकलं, असल्या सणाला एकट्या पोरावर सगळं टाकून मी जायला नको होतं.”

भाऊ तिथूनच गाडीत बसून सफाळ्याला उतरले आणि दातिवऱ्याची वाट धरली. ऊन चढलं होतं. कोळीवाड्यात बोंबील वाळत टाकलेल्या वलांडी लागल्या होत्या, वास नाकात भरत होता. वामनचं घर विचारत विचारत ते पोचले तेव्हा दारात त्याची आई नवसी जवळा पसरत बसली होती. तिनं त्यांना ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर ओळखलं, आणि हातातली टोपली खाली आपटून ती उभी राहिली.

“तुमी! तुमीच काय ते? कोणच्या तोंडानं आलाव? माज्या पोराचा गाल सुजवलाव आन आता बघायला आलाव, सूज उतरली का नाय ते?”

“बाय, मी त्याला न्यायला…”

“न्यायला? कुटं? मारायला परत? त्याच्या बापानं कंदी हात लावला नाय त्याला! दर्यानं बाप नेला, मी पोराला दर्यापासून लांब ठेवला, कोरड्या जाग्यावर ठेवला. आन त्या कोरड्या जाग्यावर तुमी त्याला बुडवलाव! तुमचा येल मेला म्हणून तुमी रडताव. मरू दे तुमचा येल! सगल्या गावचा मरू दे!”

शेजारच्या बाया जमल्या. नवसी थांबायला तयार नव्हती. भाऊंच्या घराण्याचा, वेलाचा, खंडेनवमीचा तिनं उद्धार केला. भाऊ मान खाली घालून ऐकत होते. गावात कुणी असं बोललं असतं तर त्याचं डोकं फुटलं असतं. इथं प्रत्येक शब्द त्यांना हवासा वाटत होता, कारण तो खरा होता आणि त्यांच्या वाट्याचा होता.

वामन मागच्या अंगानं आला. गालावर अजून निळं होतं. आईला त्यानं हातानंच थोपवलं.

“सायबानं बोलावला हाय तुला,” भाऊ म्हणाले. “मी सगला सांगितला. काम तुजाच हाय. चल.”

“मी नाय येनार, भाऊ.”

“का? मी सांगितला म्हटला ना!”

“तुमी सांगितलाव, बरा झाला.” वामन सावकाश बोलत होता, जसा काही कालपासून तेच घोळवत बसला होता. “पन मना ठाव होता पेटी बंद केली तं येल जाईल. सायबांनी समजावला होता. तुमाला नवता ठाव, मना होता. तरी केली. तुमचा आवाज चढला आन माजा हात आपोआप गेला. दोन दिस मी बटणापुडं उबा होतो भाऊ, एकदा दाबायचा होता तो. तुमी तं माहीमला होताव. तरी मना भ्या वाटला. आता मी तारापूरच्या कामाला जानार, दगडं उचलायला. दगडं कुणाच्या भ्यानं मरत नाय.”

भाऊंना हे सहन होईना. पोराला नोकरी परत द्यायला आपण उन्हातून आलो, सगळ्या गावच्या बायांसमोर शिव्या खाल्ल्या, आणि हा नाही म्हणतो. त्यांच्या छातीतून जुनं ओळखीचं काहीतरी उसळून वर आलं.

“काय भ्या भ्या लावलाय!” ते गरजले. “कोण खातंय तुला? मी काय…”

वामन झटकन एक पाऊल मागं सरला आणि त्याचा हात गालाकडे गेला.

भाऊंनी ते पाहिलं. उरलेलं वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं. ते तसेच मागं फिरले आणि कोळीवाड्याबाहेर पडले.